घरातलं एकच नाक

मेण वितळलं होतं. मोठ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात छोटं पातेलं ठेवून ती मघापासून ढवळत होती. दोन वाट्या सोयाचं मेण, एक वाटी मधमाश्यांचं, आणि आता पाव वाटी खोबरेल. खोबरेल कमी पडलं तर मेणबत्तीला तडे जातात, जास्त झालं तर तिला घाम फुटतो. हे प्रमाण तिच्या हातांनी झोपेतही चुकवलं नसतं. आज दगा दिला होता तो नाकाने. सकाळपासून सर्दीने ते गच्च बंद होतं, आणि आईला तिने ते सांगितलं नव्हतं.

सांगणार तरी कसं? घरात चालणारं नाक एकच, आणि ते तिचं. तीन वर्षांपूर्वी आईला ताप आला. उतरला, पण उतरताना वास घेऊन गेला. सुगंधी मेणबत्त्या करून विकणाऱ्या बाईचं नाकच गेलं म्हटल्यावर मुलगी कशी थांबेल? नोकरीतून रजा काढून ती महिनाभरासाठी घरी आली. आली त्या आठवड्यात तिने स्वतःच्या हाताने पहिली मेणबत्ती केली, संत्र्याच्या सालीच्या वासाची. आईने ती नाकाशी धरली आणि ढसाढसा रडली. ते रडणं तिला बघवलं नाही. रजा वाढली, मग नोकरी गेली.

तशी ती एकदा निघालीही होती. गेल्या वर्षी बॅग भरून दाराशी ठेवली, आणि डोक्यावरून अंघोळ करायला गेली. बाहेर येऊन बघते तो स्वयंपाकघरात धूर. दूध उतू जाऊन, आटून, करपून पातेल्याचा कोळसा झाला होता. आणि आई शेगडीकडे पाठ, दाराकडे तोंड करून टेबलाशी शांतपणे वाती कापत बसली होती.

"काय गं, काय झालं?" आईने विचारलं होतं.

आज दूध, उद्या गॅस. बॅग पुन्हा माळ्यावर गेली. शेजारपाजारचे म्हणायचे, अशी मुलगी मिळायला नशीब लागतं. ती हसून मान डोलवायची आणि आत येऊन खिडकी उघडायची. दोन खोल्यांत दालचिनी, लिंबू, व्हॅनिला, लवंग असा सगळा दरवळ कोंडलेला असायचा, आणि तिचा जीव गुदमरायचा. आईवर तिची माया होती. त्याच आईचा तिला भयंकर राग यायचा. राग आला की स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की ती आणखी चार मेणबत्त्या जास्त करायची.

आता दूरच्या एका गावातून साबणाच्या कारखान्याचा फोन आला होता. वास पारखायचं काम, राहायला खोली. हो की नाही ते आज चार वाजेपर्यंत कळवायचं होतं. तिने आईला काही सांगितलं नव्हतं, पण दोन खोल्यांच्या घरात फोन लपत नाही. तिचं ठरलं होतं. मेणबत्त्यांच्या बरण्या भरून झाल्या की फोन करायचा आणि नाही म्हणायचं. उद्या एका हॉटेलला चाळीस मेणबत्त्या द्यायच्या होत्या. त्या कुणी केल्या असत्या?

हातातला खोबरेलाचा डबा रिकामा निघाला. तिने फळीवर मागे पडलेला जुना डबा काढला, झाकण उघडलं आणि सवयीने नाकाशी नेला. काहीच कळलं नाही.

आई समोर बसून वाती कापत होती. "चांगलं आहे ना गं तेल?"

"मस्त आहे," ती म्हणाली.

तिने पाव वाटी मोजून घेतली आणि पातेल्यावर तिरकी केली.

"थांब," आई म्हणाली. "घालू नकोस. खवट झालंय ते."

वाटी हातातच राहिली. नवा डबा आण, एवढं म्हटलं असतं तरी काम भागलं असतं. आईने तसं म्हटलं नव्हतं.

"तुला वास येतो?"

"येतो."

"कधीपासून?"

"तुझ्या त्या संत्र्याच्या मेणबत्तीपासून. रडले नव्हते का मी?"

तिने वाटी ओट्यावर ठेवली. गॅस बंद केला. तीन वर्षं एकदम छातीवर येऊन बसली. तिला ओरडायचं होतं, हाताला येईल ते फोडायचं होतं. पण तोंडातून निघालं ते अगदी बारीक आवाजात.

"मग ते दूध?"

आईने कात्री खाली ठेवली. घड्याळात चाराला वीस मिनिटं कमी होती. टेबलावरचा फोन आईने तिच्यापुढे सरकवला आणि सरकवलेला हात तसाच तिथे राहू दिला.

"दाराशी तुझी बॅग दिसत होती मला," आई म्हणाली. "म्हणून करपू दिलं."