काळं घड्याळ की चंदेरी

कवडू विहिरीतून वर आला तो हातावरच्या चंदेरी घड्याळाला शिव्या देतच.

"हे बदमाश खाली तारीख दाखवून राहिलं गा!" दोरी धरून त्यानं डावं मनगट वर केलं. "पाण्यात मले कोणती तारीख पाह्याची आहे?"

काठावर बसलेला त्याचा पुतण्या केशव खो खो हसला. केशव मुंबईला, समुद्रातल्या तेलाच्या कामावर होता. तिथले पाणबुडे मनगटावर घड्याळ बांधून उतरतात, हे पाहिल्यापासून त्याला काकांची काळजी लागली होती. या सुट्टीत तो दोन नवी आकड्यांची घड्याळं घेऊन आला होता, एक चंदेरी आणि एक काळं. काकांनी दोन्ही विहिरीत वापरून पाहायची आणि पसंत पडेल ते ठेवून घ्यायचं. उरलेलं केशवच्या मित्राला जायचं होतं.

कवडूचा धंदाच बुडी मारण्याचा. विहिरीत पडलेली घागर, बादली, पंपाचा निखळलेला पाइप, सांगाल ते तो काढून द्यायचा. नंदनवनपासून कामठीपर्यंत त्याला शंभरवाला कवडू म्हणत, कारण एका दमात तो शंभर आकडे पाण्याखाली राहायचा. हे आकडे मोजायची त्याची बायको, सिंधूताई. काठावर बसून ती मनातल्या मनात मोजायची आणि शंभर झाले की त्याच्या कमरेची दोरी ओढायची. दोरी ओढल्याशिवाय वर यायचं नाही, हा कवडूचा हट्ट. बावीस वर्षं हा संसार असाच दोरीवर चालला होता.

गेली दोन वर्षं मात्र सिंधूताई लबाडी करत होती. न्युमोनियातून उठल्यावर कवडू पहिल्यांदा पाण्यात उतरला आणि वर आला तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. त्या दिवसापासून ती एकोणचाळीस झाले की सरळ सत्तरवर उडी मारायची. कवडू वर येऊन विचारायचा, "झाले का वं शंभर?" ती म्हणायची, "झाले ना जी." मग तो विहिरीच्या मालकासमोर मिशीवरून हात फिरवायचा. तिला खोटं बोलल्याची लाज वाटायची आणि तो जिवंत वर आल्याचा आनंदही व्हायचा. आनंद जास्त.

आणि आता हा केशव आला होता घड्याळ घेऊन.

"शंभर सेकंद लावून देतो काकाजी. खाली गेले का बटन दाबा, शंभर झाले का वाजते. काकूले मोजाचं कामच नाही!"

घड्याळ वाजेपर्यंत हा माणूस वर येणार नाही, हे सिंधूताईला पक्कं ठाऊक होतं. आणि शंभरपर्यंत त्याचा दम पुरणार नाही, हेही.

तिची सगळी भिस्त आता चंदेरी घड्याळावर होती. त्याला दोनच बटणं. पहिलं दाबत गेलं की वेळ, मग गजर, मग सेकंद, मग तारीख, मग पुन्हा वेळ. दुसऱ्यानं मोजणी सुरू. गारठलेल्या बोटानं एकदा जास्त दाबलं की सेकंद निघून जात आणि सगळी प्रदक्षिणा पुन्हा घालावी लागे. काळ्याला चार कोपऱ्यांत चार बटणं, प्रत्येकाचं काम वेगळं. सेकंद सुरू करायचं बटण तर एवढं ठसठशीत की अंधारातही अंगठा आपोआप त्यावर जाई. आकडेही मोठे.

"काळं घ्या, डोळे मिटून घ्या," विहिरीचे मालक बाबाराव म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"चंदेरी कसं शोभून दिसते जी हातावर," सिंधूताई घाईघाईनं म्हणाली.

"काकाजी लग्नाले चालले का काकू?" केशव म्हणाला, आणि त्यानं काळं घड्याळ कवडूच्या मनगटावर बांधलं.

कवडूनं बुडी मारली.

सिंधूताई मोजू लागली. एकोणचाळीसवर तिची जीभ अडली. दोरी लवकर ओढावी तर घड्याळ चुगली करणार. न ओढावी तर? पाण्यावर नुसते बुडबुडे येत होते. तिनं डोळे मिटले आणि म्हटलं, सत्तर. शंभर होताच दोन्ही हातांनी दोरी ओढली. दोरी हलली नाही. तिनं पुन्हा ओढली, सगळा जीव लावून.

कवडूचं डोकं वर आलं. तो धापा टाकत होता, पण हसत होता.

"नाही वाजलं!" केशव चार पायऱ्या खाली धावला. "किती झाले, दाखवा." त्यानं काकांचं मनगट धरलं. घड्याळात नुसती शून्यं होती.

"पुसलं गेलं गा," कवडू म्हणाला. "वर येता येता खालचं बटन लागलं."

"ते तर चांगलं घट्ट आहे!"

"लागलं ना पण. मी चंदेरीच ठेवतो."

केशवनं कपाळाला हात लावला. "काहून पण, काकाजी? आत्ताच तर त्याले शिव्या देऊन राहिले होते तुम्ही!"

"तुई काकू म्हणते, शोभते."

केशव काळं घड्याळ पुसत, कुरकुरत बाबारावांच्या मागे चहाला गेला. सिंधूताई खाली मान घालून दोरी गुंडाळत बसली. कवडू तिच्या शेजारी टेकला. बराच वेळ त्याचा श्वास जागेवर येईना.

"मीही खाली मोजत राहतो वं, पहिल्यापासून," तो हळूच म्हणाला. "ते बटन घट्ट होतं, म्हणून वर याले उशीर झाला. पुढच्या वेळी आणखी दहा आकडे गाळजो. आता तेवढाच दम उरला आहे."