सोबतचा माणूस

“सोबत कोण आहे?” डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“दीर आले हायेत. चहाले गेले,” सुभद्राबाई म्हणाल्या.

सोबतचा माणूस समोर आल्याशिवाय उद्याचं ऑपरेशन नाही, असं सांगून डॉक्टर पुढच्या खोलीत गेले. पाय बाईचा असला तरी बोलायला डॉक्टर लोकांना पुरुष लागतो. सुभद्राबाईंचा दीर वारून नऊ वर्षं झाली होती.

नरखेडला स्वतःच्या मोसंबीच्या बागेत पाय मुरगळला, तेव्हापासून घोट्यात हाडाचा तुकडा अडकून होता. धाकट्या मुलाला भिलाईला तार केली असती तर तो आला असता. पण बाग विकायचे कागदही सोबत आणले असते. म्हणून त्या एकट्याच एस.टी.नं नागपूरला, धंतोलीतल्या या दवाखान्यात आल्या होत्या.

शेजारच्या खाटेपाशी बसून काटोलचे देवराव बायकोला मोसंबी सोलून देत होते. तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. मोसंबी हलक्या प्रतीची आहे, असं सुभद्राबाईंनी न विचारता सांगितलं आणि त्याच सुरात देवरावांना अर्ध्या घंट्यापुरतं दीर व्हायला सांगितलं. घरची माणसं उद्या येणारच आहेत, म्हणाल्या.

देवराव बायकोकडे पाहू लागले.

“व्हा ना,” ती म्हणाली. “माह्या भावाशी तर कधी धड मेहुण्यावानी वागले नाई तुमी.”

डॉक्टर आले. सगळं देवरावांनाच समजावून सांगितलं. दोन बारीक छिद्रं पाडायची, एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यार. वरून जखम ज्वारीच्या दाण्याएवढी दिसेल. तिला पाहून माणसं फसतात, तिसऱ्या दिवशी चालायला लागतात आणि सांधा बिघडवून परत येतात. पंधरा दिवस पाय टेकायचा नाही. झोपताना पायाखाली दोन उशा, पाय छातीपेक्षा वर. ताप आला, पोटरी सुजली, बोटं निळी पडली तर लगेच घेऊन यायचं. देवराव औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून घेत होते. सुभद्राबाईंकडे कोणी पाहत नव्हतं.

“रात्री उठाचं काम पडलं तर?” देवरावांनी विचारलं. “मोरी परसात राह्यते आमच्याकडे.”

“धरून न्यायला कोणीतरी हवंच. पहिले आठ दिवस एकटं सोडू नका.”

“सुना हायेत,” सुभद्राबाई म्हणाल्या.

देवरावांनी ऑपरेशनच्या कागदावर दीर म्हणून सही केली.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी पेन्सिल पुन्हा काढली. रात्री कोणती सून उठेल, तिचं नाव सांगा, म्हणाले. कागदावर असलेलं बरं. सुभद्राबाईंनी आधी एकीचं सांगितलं, मग दुसरीचं. एक पुण्याला होती, एक भिलाईला.

“मंग उद्या कोन येऊन राहिलं?”

“कोनी नाई.”

देवराव उठले. “मी सही केली, बाई,” एवढंच म्हणाले आणि डॉक्टरांच्या खोलीकडे चालू लागले. दाराशी जाऊन उभे राहिले. पडदा बाजूला करायला हातही उचलला. सुभद्राबाईंनी लुगड्याचा काठ घोट्यावर ओढून घेतला. हाक मारली नाही. देवरावांची बायको मोसंबीच्या बिया मोजल्यासारख्या हातात घेऊन बसली होती.

देवराव परत आले. स्टुलावर बसले. घडी केलेला कागद मांडीवर उलगडला.

“उशा तरी हायेत का घरी, वयनी?”

“उशाले काय झालं,” सुभद्राबाई म्हणाल्या. “सात पडल्या हायेत. दर दिवाळीले खोळी धुऊन घालते.”