अकरा नंबरचे आजोबा

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला ती सहा महिन्यांसाठी परदेशात शिकायला गेली आणि पहिल्याच दिवशी तिला एका वृद्धाश्रमात पाठवलं. तिथल्या मोठ्या सिस्टरनी तिला खोल्या दाखवल्या. अकरा नंबरच्या खोलीत, खुर्चीला पट्ट्याने बांधलेले एक आजोबा एकसारखं काहीतरी पुटपुटत होते.

"यांच्याकडे लक्ष देऊ नकोस," सिस्टर म्हणाल्या. "इथली भाषा पार विसरलेत. दोन वर्षं नुसती बडबड चालू आहे, कुणाला ओ की ठो कळत नाही."

ती मात्र दारातच थिजली. आजोबा चक्क तिच्या घरची भाषा बोलत होते.

"बाई, पट्टा जरा सैल करा हो. फार रुततोय."

सिस्टरना न विचारताच तिने घाईघाईने पट्टा सोडला. सदरा वर करून पाहिलं, तर पोटावर आडवा काळानिळा वळ.

"आजोबा, आता बरं वाटतंय का?"

आजोबांनी दचकून मान वर केली.



"म्हणजे पोरी, माझा आवाज ऐकू येतो होय?"