मुहूर्ताचा नारळ

सुधाकर नारिंग्रेकरांनी कॅमेऱ्याला हार घातला. त्या कॅमेऱ्याच्या पोटात आता काहीच नव्हतं. तो फक्त हारापुरता ठेवला होता. सिनेमा पलीकडचं यंत्र बनवणार होतं. पण फोनवरून सिनेमात दहा-दहा रुपये गुंतवणाऱ्या लाखभर लोकांना त्याच फोनवर मुहूर्त डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भरवसा वाटत नसे. म्हणून तीस वर्षं कॅमेरा चालवलेल्या नारिंग्रेकरांना स्टुडिओने नारळ फोडायला ठेवलं होतं.

त्यांनी नारळ फोडला. यंत्रापाशी बसलेल्या केतकीने बटण दाबलं. नारिंग्रेकर सवयीने जमिनीवर बसून खोबऱ्याचे बारीक तुकडे करू लागले.

"काका, एवढे तुकडे कशाला?"

"युनिटला पुरायला नकोत? ऐंशी माणसं..." बोलता बोलता त्यांनी मान वर केली. हॉलमध्ये केतकीच्या खुर्चीशिवाय दुसरी खुर्चीसुद्धा नव्हती.

त्यांनी ताटली तिच्यापुढे धरली. तिने एक तुकडा तोंडात टाकला.

"झाला सिनेमा," ती म्हणाली. "ज्याला हवा तसा शेवट लावून घरोघरी पोचलासुद्धा. पुढचा नारळ घ्या, काका."

नारिंग्रेकरांनी कॅमेऱ्याचा हार उतरवला आणि तोच पुन्हा घातला.