शेळीच्या गोष्टीचं तात्पर्य

ही गोष्ट तो लिहिणारच नव्हता. शेळी डोक्यात आली तेव्हाच त्याने तिला हाकलून दिलं होतं. पण मुलांच्या साप्ताहिकातलं बोधकथेचं पान रिकामं होतं, संपादकबाई हात धुऊन मागे लागल्या होत्या, आणि दुसरा एकही प्राणी यायला तयार नव्हता. मग बसला आणि एका दमात लिहून टाकली.

शेळी भावाचं ऐकत नाही. कड्याच्या टोकावरचा पाला कोवळा म्हणून रोज तिथेच जाते. एक दिवस खाली पडते. संपलं.

शेळी म्हणजे त्याची ताई. ती रोज सकाळी कठडा नसलेल्या गच्चीवर कपडे वाळत घालायची, आणि तेही अगदी कडेच्या दोरीवर, कारण तिथे ऊन चांगलं लागतं. सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला होता.

"तू तुझी उंदीर-मांजरं सांभाळ," म्हणायची आणि निघायची वर.

त्याच रागात शेळी लिहिली गेली. कागद त्याने मास्तरच्या टेबलावर ठेवला आणि घरी गेला.

मास्तरने जन्मात कोणाला शिकवलं नव्हतं. गोष्टीखालचं तात्पर्य तो लिहायचा, म्हणून मास्तर. छापखान्यात त्याचा एवढा एकच मित्र; ताईच्या गच्चीचं गाऱ्हाणंही तो त्यालाच सांगायचा. तात्पर्य म्हणजे एक ओळ, पण मास्तर ती कधी लगेच देत नसे. गोष्ट घरी न्यायचा, दोन-चार दिवस घोळवायचा. त्याची ओळ आली की मगच पान मशीनवर चढायचं.

रात्री अंथरुणावर पडला आणि ताडकन उठून बसला.

कारण त्याचे प्राणी आभाळातून पडत नसत. जो माणूस डोक्यात जाईल, त्याला तो शेपूट लावायचा. हिशेबनीस सगळ्यांच्या डब्यात हात घालायचा, म्हणून त्याने उंदीर लिहिला. उंदीर कोठीत अडकतो. त्याच आठवड्यात हिशेबनीस कागदाच्या गोदामात अडकला. पुढे सुट्ट्या होत्या. दार उघडलं तेव्हा त्याची नखं तुटलेली होती. अजूनही तो दाराकडे पाठ करून बसत नाही.

मग कोंबडा. मशीनवाला दिवसभर ओरडायचा. गोष्टीत कोंबड्याचा आवाज जातो. इकडे मशीनवाल्याच्या पाण्याच्या बाटलीत छपाईच्या प्लेटा धुवायचं औषध कसं गेलं, कोणाला कळलं नाही. आता तो हातवारे करून बोलतो.

दोन्ही वेळा पान अजून छापलंही नव्हतं.

हे त्याने फक्त मास्तरला सांगितलं होतं. मास्तर चष्मा पुसत हसला होता.

"तुझ्या पेनात एवढा दम असता तर आधी आपला पगार नसता वाढला?"

"चेष्टा नको ना. मी लिहितो तसं होतंय."

"व्हायलाच पाहिजे. लहान मुलं वाचतात रे. त्यांना खोटं कसं सांगायचं?"

मास्तरचा हा असाच विनोद. चेहरा सरळ ठेवून बोलायचा.

सकाळी तो उठला तोच ठरवून. ताई स्वयंपाकघरात होती.

"आज कपडे खाली घाल. खिडकीत."

"का, गच्ची पळून गेली?"

"ताई, एकदा ऐक ना."

"तू नीघ. उशीर झाला की माझ्यावरच खापर फोडतोस."

तो धावतच छापखान्यात आला. शेळी फाडायची, दुसरं काहीही लिहून द्यायचं. मास्तरचं टेबल रिकामं होतं. वर कागद नव्हता, ड्रॉवरला कुलूप. मास्तर अजून आला नाही, संपादकबाई म्हणाल्या.

त्याने ताईला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. त्याला दिसत होती ती गच्ची, कडेची दोरी, आणि दोरीवर एकटाच हलणारा पंचा.

"काय रे?" ताईला धाप लागली होती.

"कुठे आहेस?"

"जिन्यात. कपडे घालून आले. आज वर कसलं निसरडं झालंय, काय सांगू. पाय सर्रकन गेला. दोरी हातात आली म्हणून वाचले. गुडघा सोलवटलाय." मग म्हणाली, "तुला बरं आधीच कळलं?"

त्याने फोन ठेवला आणि तो खुर्चीत बसला. हळूहळू त्याला हसू फुटायला लागलं. पडली नाही. शेळी पडते आणि ताई पडली नाही. म्हणजे पेनाबिनाचं काही नाही. उंदीर, कोंबडा, सगळे नुसते योगायोग, आणि तो वेड्यासारखा जीव टांगून बसला होता.

मास्तर आला तेव्हा तो उठून त्याच्या गळ्यातच पडला.

"अरे, ताई ठीक आहे. पाय घसरला, पण दोरी धरली तिने. बघ, शेळी पडलीच नाही. माझी गोष्ट साफ खोटी ठरली."

मास्तरचा चेहरा पार उतरला. त्याने पिशवी टेबलावर ठेवली आणि याच्या खांद्यावर हात टेकवला.

"असं मनाला लावून घेऊ नकोस. गोष्ट तुझी चांगलीच आहे, चुकलो मी. घाईत तेल कमी पडलं. उद्या ती वर यायच्या आत जाऊन दोरीचंही बघतो. शब्द देतो तुला."