घाटातून आलेली गाडी

"वहिनी, आत बसा. मी सांगितलं की किल्ली फिरवा," म्हणत भास्कर बॉनेटखाली वाकला.

मालिनीने नुसती मान हलवली. तीन महिन्यांपूर्वी तिचा नवरा घाटात नाहीसा झाला. सापडली ती फक्त बंद पडलेली गाडी. तो घरी यावा म्हणून ती दर सोमवारी दिवसभर मौन पाळायची. इंजिनाचा सेन्सर गेलाय म्हणून दिराने आज नवा आणून बसवला होता.

ती गाडीकडे निघाली, पण वाऱ्याने तुळशीपुढचा दिवा फडफडला, म्हणून हाताचा आडोसा धरून तिथेच थांबली.

"फिरवा!"

गाडी सुरू झाली.

"बघा, सेन्सरच होता! आता जरा रेस द्या... हळू, हळू! दादासारखं काय दाबता, वहिनी!" भास्कर मान वर न करताच हसला.

मालिनीच्या मुठीत किल्ली तशीच होती. स्टिअरिंगसमोरची काच आतून धुरकटत होती, कुणी श्वास सोडावा तशी.

ती गाडीपाशी गेली आणि तिने दार उघडलं. आत कुणीच नव्हतं. सोमवार असूनही ती हलकेच बोलली,

"अहो, घर आलं. उतरा आता."