पगाराची ब्लँकेटं

शेठने पाकिटाऐवजी ब्लँकेटांचा गठ्ठा टेबलावरून पुढे ढकलला. "नऊ आहेत. मोजून घे आणि सही कर."

कारकून गठ्ठ्याकडे बघतच राहिला. बाहेर चपला डांबराला चिकटतील असं ऊन, दुकानात डोक्यावर दोन पंखे गरगरताहेत, आणि महिन्याचा पगार म्हणून हातात काय, तर लोकरीची ब्लँकेटं. हे काय, असं त्याने विचारलं. शेठ शांतपणे सांगायला लागला, आणि शेठ शांतपणे बोलू लागला की दुकानातली माणसं माना खाली घालून कामाला लागत. ब्लँकेटं मागवायची होती चाळीस, आली चाळीस डझन. टॉवेल, चादरी, अभ्रे सगळं डझनावर मागवणाऱ्या हाताने ब्लँकेटांपुढेही सवयीने 'डझन' लिहून टाकलं होतं. तो हात कारकुनाचा. तेव्हा गोदाम रिकामं होईपर्यंत पगार असाच मिळणार.

"त्या कागदावर सही तुमची आहे, शेठ," कारकून म्हणाला.

"सही करायला मी बसलोय. वाचायला तुला ठेवलाय."

कारकुनाने सांगून पाहिलं की सोमवारी धाकट्या बहिणीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरायची आहे, नाहीतर तिला परीक्षेला बसू देणार नाहीत. वडिलांचा रोज फोन येतोय. शेठ म्हणाला, मग तिला एक ब्लँकेट पाठवून दे. गल्ल्यावरचा शेठचा भाचा फिदीफिदी हसला. अख्खा गठ्ठा त्याच्या तोंडावर फेकावा असं कारकुनाला वाटलं. पण नोकरी सोडली तर घरी परत जायच्या तिकिटाचेही पैसे नव्हते. त्याने निमूट सही केली.

खोलीवर गेल्यावर निराळीच तऱ्हा. एका खोलीत सहा जण, सगळे या परमुलखात पोटासाठी आलेले, आपल्याच भाषेचे, आणि जिभेला हाड कुणाच्याच नाही. अंगावर साधी चादर सहन होत नाही आणि हा आम्हाला लोकर विकायला निघालाय, म्हणून एकाने टर उडवली. दुसरा म्हणाला, सर्दी झाली तर वाफारा घ्यायला एक भाड्याने दे. पगाराने फी पुरी पडणार नव्हतीच, वरचे पैसे तो यांच्याकडेच उसने मागणार होता. त्याने तो विषय काढताच सगळ्यांना एकदम झोप आली.

शनिवारी गठ्ठा खांद्यावर मारून तो गावभर फिरला. लॉजवाल्याने हात जोडले. इस्पितळाच्या पहारेकऱ्याने फाटकातूनच हाकललं. मान घामाने खाजत होती, शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला होता. मग धक्क्याजवळच्या एका भिंतीपाशी त्याला तीन माणसं दिसली. जीव घेणाऱ्या उन्हात स्वेटर घालून, मुद्दाम सावली सोडून बसलेली. त्यांच्या मागे मासळीच्या कोल्ड स्टोरेजचा जाड लोखंडी दरवाजा होता.

तो आत शिरला. दुकानातला भाव त्याच्या ओठांवर आला होता. पण समोरच्यांचे निळे पडलेले ओठ त्याने बघितले, आणि नऊ ब्लँकेटांत फी पुरती भरून निघेल एवढा भाव चढवून सांगितला. आपल्याला असं जमतं याचं त्याला नवल वाटलं. वाईट वाटलं नाही. मुकादमाने दोन घेतली, मशीनवाल्यांनी तीन, पहारेकरी आणि ड्रायव्हर मिळून तीन. सगळे रोख. आता फक्त एकाची किंमत कमी पडत होती.

ते शेवटचं ब्लँकेट एका हमालाने उचलून कधीच खांद्यांभोवती घट्ट लपेटलं होतं. वडिलांच्या वयाचा माणूस, आणि बोलायला लागला तो आपल्याच भाषेत.

"पैसे नाहीत, साहेब. मासळी देतो. याच्या दुप्पट किमतीची."

"मासळीचं मी काय करू?"

"आम्ही काय करतो? दारोदार विकतो. हमालांचा अर्धा पगार मालक मासळीतच देतो."

खरं म्हणजे हे ऐकून त्या माणसाशेजारी दोन घटका बसावं असं कारकुनाला वाटायला हवं होतं. त्याला संताप आला. शेठचा आला नव्हता एवढा. परमुलखात येऊन, या वयाला, आपल्यासारखाच एक इथे उभा होता आणि वर दात वाजत असताना हसत होता.

"घ्यायचं तर रोख दे," तो म्हणाला. "नाहीतर बस कुडकुडत."

हमाल ब्लँकेट काढेना. कारकुनाने त्याचं टोक धरलं आणि हिसका दिला. मुकादम मान वळवून दुसरीकडे बघायला लागला. हमालाने झोंबाझोंबी केली नाही, हात सैल सोडले. ब्लँकेट कारकुनाच्या हातात आलं. एवढ्या वेळात ते चांगलं ऊबदार झालं होतं.

"न्या," हमाल म्हणाला. "पण बाहेर हे मारणार कुणाच्या गळ्यात?"

आणि तो पाठ फिरवून बर्फातली पेटी उचलायला वाकला.